वाचकांचे प्रश्न : शूर मुलांची ग्राफिक नॉव्हेल्स आणि नुकतं वाचायला लागलेली मुलं

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयाभोवतीची होती म्हणून पूर्ण सदर त्यालाच दिलंय. इतिहासातल्या धाडसी मुलांवरची ग्राफिक नॉव्हेल्स, म्हणजे चौकटी चौकटींच्या चित्रांतून गोष्ट सांगणारी पुस्तकं, आणि वाचणारी मुलं साधारण ५ ते ८ वयाची, म्हणजे अक्षरं जुळवत जुळवत आत्ताच वाचायला लागलेली. पत्रं लांब होती, थोडी कापून घेतलीयेत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. आत्ता कुठे स्वतःहून वाचायला लागलीये पण हातात कायम चौकटी चौकटींचं चित्रांचंच पुस्तक हवं असतं. घरातले मोठे म्हणतात कॉमिक्समुळे वाचायची सवय लागत नाही, नुसती चित्रं बघून पानं उलटते. खरंय का हे?

नाही हो, अजिबात काळजी करू नका. चौकटींचं पुस्तक वाचणं सोपं नसतं, आपल्याला सवय झालेली असते म्हणून सोपं वाटतं. कुठली चौकट आधी कुठली नंतर, फुग्यातलं बोलणं कोणाचं, वरच्या पट्टीत कोण बोलतंय, ढगासारखा फुगा म्हणजे मनातलं, टोकं टोकं असलेला फुगा म्हणजे ओरडणं, हे सगळं मूल एकाच वेळी सांभाळत असतं आणि शिवाय अक्षरं जुळवत असतं. आणि दोन चौकटींच्या मधे जी मोकळी पांढरी जागा असते ना, तिथे तर सगळ्यात जास्त डोकं चालतं. पहिल्या चौकटीत मुलगा दाराशी उभा आहे, दुसऱ्या चौकटीत दार उघडं आणि मुलगा दिसतच नाही, मधे त्याने काय केलं हे कुठेच लिहिलेलं नसतं, ते वाचणारं मूल स्वतःच भरतं.

पहिल्या वेळी नुसती पानं उलटते तर उलटू दे. बरीच मुलं आधी चित्रांवरून गोष्ट काढतात, मग काहीतरी कळायचं राहिलेलं असतं म्हणून तेच पुस्तक परत उचलतात आणि या वेळी शब्दांकडे जातात. तुम्ही फक्त शेजारी बसून एखादी अशी गोष्ट विचारा जिचं उत्तर चित्रात नाहीये, "हा एवढा का चिडलाय गं?" असं सहज, परीक्षा घेतल्यासारखं नाही. ती आपोआप फुग्याकडे वळेल.

पुस्तक घेताना मात्र अक्षरं नीट बघा. मराठी वाचायला लागलेल्या मुलांची गाडी अडते ती जोडाक्षरांवर आणि रफारावर, आणि इतिहासाच्या पुस्तकात पहिल्याच पानावर स्वातंत्र्यसैनिक, सत्याग्रह, राष्ट्रध्वज अशी रांगच लागते. त्यात फुग्यात जागा कमी म्हणून अक्षर बारीक केलेलं, मात्रा वरच्या ओळीला चिकटलेल्या. असं पुस्तक चांगलं असू शकतं पण ते तुम्ही वाचून दाखवायचं. तिने एकटीने वाचायचं असेल तर एका फुग्यात एक छोटं वाक्य, फार तर दोन, पानावर तीन-चार चौकटी आणि अक्षर ठसठशीत. इंग्रजी कॉमिक्स आणत असाल तर त्यात बऱ्याचदा सगळा मजकूर कॅपिटलमधे असतो, स्मॉल अक्षरं शिकलेल्या मुलांना ते जड जातं, तेही बघून घ्या.

प्रश्न : माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. त्याला शूर मुलांच्या गोष्टी प्रचंड आवडतात म्हणून आम्ही चित्रांची पुस्तकं आणत गेलो, पण जवळजवळ प्रत्येकाचा शेवट त्या मुलाच्या मरणावर होतो. आता रात्री दिवा बंद करू देत नाही, आणि मधेच विचारतो की मी शूर नसलो तर चालेल का. ताई, पुस्तकं बंद करू का? का निवडण्यात काही चुकतंय?

दादा, तुमच्या मुलाचा प्रश्न फार मोलाचा आहे, त्याला आधी सांगा की हो, चालेल. आणि पुस्तकं बंद करू नका, बदला.

शौर्याच्या पुस्तकांमधे एक जुनी खोड आहे, मूल पहिल्या पानापासूनच शूर असतं. ताठ मान, चमकणारे डोळे, तोंडी मोठ्या माणसांची भाषणं आणि शेवटी हौतात्म्य. ७ वर्षांच्या मुलाला यातून काय कळतं तर शूर मुलांना भीती वाटत नाही आणि शूर मुलं मरतात. यातलं पहिलं खोटंच आहे आणि दुसरं अर्धवट. म्हणून मी पुस्तक हातात घेतलं की आधी हे शोधते की यात मूल घाबरलेलं दिसतंय का, कुठल्या पानावर दिसतंय, आणि घाबरल्यावर त्याने नेमकं काय केलं. असं एकही पान नसेल तर ते पुस्तक या वयासाठी मी ठेवून देते, चित्रं कितीही देखणी असोत.

रुबी ब्रिजेसचं उदाहरण घेऊ. १४ नोव्हेंबर १९६०, अमेरिकेतलं न्यू ऑर्लिन्स शहर, रुबी ६ वर्षांची. विल्यम फ्रान्झ प्राथमिक शाळेत तोपर्यंत फक्त गोरी मुलं शिकत होती, कोर्टाच्या आदेशानंतर तिथे पाऊल ठेवणारी ती पहिली कृष्णवर्णीय मुलगी, आणि त्या शाळेत ती एकटीच. सोबत आई आणि फेडरल मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचे पोलीस अधिकारी, बाहेर ओरडणारे लोक. रुबीने मोठेपणी सांगितलंय की ती गर्दी बघून तिला आधी वाटलं मार्डी ग्रा चाललाय, म्हणजे तिच्या शहरातला मिरवणुकांचा मोठा उत्सव. ६ वर्षांची मुलगी असाच विचार करणार ना, तिला कुठे माहीत की हे लोक आपल्यावर ओरडतायत. हा क्षण ज्या पुस्तकात आहे त्यात खरी मुलगी आहे असं मी समजते. पुढे तिला भीती वाटली ती कशाची, तर गर्दीतली एक बाई छोट्या शवपेटीत काळी बाहुली ठेवून आणायची, त्याची. घोषणा तिला कळत नव्हत्या पण बाहुली कळत होती.

आणि मग तिने काय केलं? दुसऱ्या दिवशी परत शाळेत गेली. गोऱ्या पालकांनी आपापली मुलं काढून घेतलेली, वर्ग रिकामा, बार्बरा हेन्री नावाच्या बाईंनी वर्षभर तिला एकटीला शिकवलं. एक मुलगी, एक बाई, रिकामी बाकं. लहान मुलांसाठीच्या पुस्तकात यापेक्षा चांगलं पान मला सुचत नाही, कारण ते बघणाऱ्या मुलाला लगेच कळतं की रोज उठून शाळेत जाणं हेसुद्धा धाडस असू शकतं आणि त्या धाडसात एक मोठं माणूस सोबत होतं.

याच प्रसंगावर नॉर्मन रॉकवेल या चित्रकाराचं १९६४ साली लुक मासिकात आलेलं एक चित्र आहे, इंटरनेटवर सहज सापडेल, मुलासोबत बसून बघाच. त्यात चार मार्शल आहेत पण चौघांचीही डोकी नाहीत, खांद्यांपाशीच चित्राची कड येते. पूर्ण दिसते ती फक्त पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी, हातात पुस्तक-पट्टी. मागच्या भिंतीवर फेकून मारलेल्या टोमॅटोचा लाल डाग, तो खाली ओघळलेला. एक घाणेरडी शिवीही आहे भिंतीवर, मुलाने विचारलं तर तो वाईट बोलायचा शब्द आहे एवढं सांगितलं तरी पुरे. आणि गर्दी? गर्दी चित्रात नाहीच, कारण आपण बघणारे जिथे उभे आहोत तिथेच गर्दी आहे. चित्रकाराने कॅमेरा मुलीच्या उंचीवर आणला आणि मोठ्यांना कापून टाकलं. चांगल्या ग्राफिक नॉव्हेलमधे हेच शोधा, चौकट मुलाच्या उंचीवर आहे का? का सगळी चित्रं खालून वर बघत काढलीयेत, म्हणजे मूल चौथऱ्यावर उभ्या पुतळ्यासारखं दिसतंय?

आता मरणाचं. या गोष्टी टाळायच्या नाहीत, टाळताही येणार नाहीत. शिरीषकुमार मेहता ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या मिरवणुकीत हातात तिरंगा घेऊन होता, १५ वर्षांचा, पोलिसांच्या गोळीबारात गेला, आणि त्याच्यासोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम हेही गेले. ही गोष्ट मुलांना कळायला हवी. पण कशी? गोळी लागतानाची चौकट ७ वर्षांच्या मुलाला दाखवायची काहीच गरज नाही. मिरवणुकीत चालणारी पोरं, एकमेकांचे चेहरे, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर, गुजरातीतल्या घोषणा, मग आवाज, मग रिकामा रस्ता, एवढ्यात सगळं सांगून होतं. आणि त्याच्या मित्रांची नावं पुस्तकात असायलाच हवीत असं मला अगदी मनापासून वाटतं. एकट्या हिरोची गोष्ट वाचून मुलाला वाटतं सगळं एकट्याने करायचं असतं. इतिहासात तसं क्वचित झालंय. १९६३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममधे हजारापेक्षा जास्त शाळकरी मुलं वर्णभेदाविरुद्ध वर्ग सोडून रस्त्यावर आली होती, त्यात ९ वर्षांची ऑड्रे फे हेन्ड्रिक्स होती जी आठवडाभर तुरुंगात राहिली. ती मोर्चात गेली तेव्हा घरच्यांना माहीत होतं, तिचे आईवडील स्वतः चळवळीत होते. हे पुस्तकात दाखवलं की मुलाची निम्मी भीती जाते.

तुमच्या घरात लगेच करण्यासारखं म्हणजे ही पुस्तकं झोपायच्या वेळी वाचू नका, दिवसा वाचा, आणि शेवटचं पान झालं की तुम्ही आधी काही बोलू नका. "देशासाठी प्राण दिले" हे वाक्य आपल्या तोंडून फार लवकर निघतं आणि मुलाचा प्रश्न आतच राहतो. त्याचा प्रश्न कदाचित वेगळाच असेल, गोष्टीतल्या मुलाची आई कुठे होती, त्याला दुखलं का. त्याचं उत्तर द्या, साधं आणि खरं.

प्रश्न : मी दुसरीच्या वर्गाला शिकवतो. इतिहासाची ग्राफिक नॉव्हेल्स वर्गात वाचायला ठेवलीत, पण त्यातले संवाद तर लेखकाने मनानेच लिहिलेले असतात. मुलं ते खरं समजतात. काही गोष्टी तर मुळातच घडल्या नव्हत्या असं नंतर कळतं. मग हा इतिहास म्हणायचा का?

सर, तुमची शंका रास्त आहे आणि याच वयात ती मुलांपर्यंत पोचवता येते, मुलांना खरं-खोटं शोधायला प्रचंड आवडतं.

संवादांचं म्हणाल तर ते बहुतेक कल्पितच असणार, फुग्याशिवाय हा प्रकार चालतच नाही. प्रामाणिक पुस्तक शेवटी एक-दोन पानं देतं, खरा फोटो, खरं गाव, काय माहीत आहे आणि काय चित्रकाराने कल्पनेने काढलंय. ती पानं नसलेलं पुस्तक मी वर्गासाठी घेणार नाही. असली तर आधी तीच वाचा, मग गोष्ट, आणि मुलांना विचारा की कुठल्या चौकटीत चित्रकाराला अंदाज करावा लागला असेल. मुलं कपड्यांचे रंग, आकाशातले ढग, कुत्रं, सगळ्यावर बोट ठेवतात.

मुळात न घडलेल्या गोष्टीचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे हॉलंडचा तो मुलगा, बंधाऱ्याला पडलेल्या भोकात बोट घालून रात्रभर बसलेला. कितीतरी जणांनी तो खरा समजून वाचलाय. तो खरा नाही, १८६५ साली आलेल्या एका अमेरिकन लेखिकेच्या कादंबरीमुळे ही गोष्ट जगभर गाजली. छान गोष्ट आहे, जरूर सांगा, पण इतिहासाच्या कपाटात ठेवू नका.

सादाको सासाकीचं प्रकरण जास्त नाजूक आहे. ती खरी मुलगी. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा २ वर्षांची होती, १९५५ मधे ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाल्याचं कळलं, दवाखान्यात ती कागदाचे करकोचे करायची, हजार केले की इच्छा पूर्ण होते म्हणतात म्हणून. कागद कमी पडला तर औषधांच्या वेष्टनाचे. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे, १२ व्या वर्षी ती गेली. आता जगभर सांगितली जाणारी गोष्ट म्हणते की तिचे ६४४ च झाले आणि बाकीचे वर्गातल्या मुलांनी पूर्ण केले. पण तिच्या भावाने सांगितलंय की हजार कधीच झाले होते आणि ती पुढेही करतच राहिली. मला तर ही खरी गोष्ट जास्त मोठी वाटते, इच्छा पूर्ण झाली नाही आणि तरी पोरगी घड्या घालतच राहिली. आणि मित्रमैत्रिणींनी तिच्यासाठी काहीच केलं नाही असं नाही, त्यांनी पैसे जमवायची मोहीम काढली, त्यातून हिरोशिमात मुलांसाठीचं शांतता स्मारक उभं राहिलं, १९५८ साली. दोन्ही गोष्टी वर्गासमोर ठेवा आणि मुलांना बोलू द्या, दुसरीतली मुलं यावर किती बोलतात बघा.

प्रश्न : सगळी पुस्तकं तलवारी, घोडे आणि लढाया. आणि जवळपास सगळे मुलगेच. माझ्या दोन मुलींना काय देऊ?

लिहिणाऱ्या मुलीची गोष्ट द्या. मुक्ता साळवे, जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुलगी, मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ज्ञानोदय या नियतकालिकात छापून आला. ज्या समाजाला अक्षरं शिकूच दिली नव्हती त्यातली एक पोर धर्माला आणि उच्चवर्णीयांना थेट प्रश्न विचारते, यापेक्षा मोठं धाडस काय असतं. अशी गोष्ट चित्रात काढणं अवघड, कारण मुलगी बसून लिहितेय एवढंच तर दिसणार, पण चांगला चित्रकार ती काय काय आठवून लिहितेय ते काढतो.

मेरी ॲनिंग आहे, इंग्लंडच्या लाइम रीजिस गावची, वडील गेल्यावर घर चालवायला समुद्रकाठच्या ढासळत्या कड्यांमधून जीवाश्म शोधून विकायची. भावाला आधी एक मोठी कवटी सापडली होती, तिने त्याचा बाकीचा सांगाडा शोधला, तेव्हा १२ वर्षांची होती. तो इक्थिओसॉर निघाला, म्हणजे प्राचीन काळातला समुद्रात राहणारा सरपटणारा प्राणी. डायनोसॉरवेड्या मुलींना हे नक्की आवडणार. आणि लढाच हवा असेल तर मणिपूरच्या राणी गाइदिन्ल्यू, १३ व्या वर्षी इंग्रजांविरुद्धच्या चळवळीत, १९३२ साली पकडल्या गेल्या, जन्मठेप झाली, सुटल्या थेट १९४७ मधे. हे तुरुंगाचं थोड्या मोठ्या मुलीला.

आणि एक विनंती, ही पुस्तकं घरातल्या, शेजारच्या मुलग्यांनाही वाचायला द्या.

प्रश्न : असली पुस्तकं वाचून मुलगा आता "मी शूर आहे" म्हणत जिन्याच्या कठड्यावरून उडी मारतो. काय सांगू त्याला?

त्याला हरीशचंद्र मेहराची गोष्ट सांगा. २ ऑक्टोबर १९५७, दिल्लीचं रामलीला मैदान, पंतप्रधान नेहरू समोर बसलेले आणि शामियान्याला आग लागली. १४ वर्षांचा हा मुलगा खांबावर चढला आणि जळणारं कापड आपल्या स्काउटच्या चाकूने कापून टाकलं. मुलांसाठीचे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार या घटनेनंतर सुरू झाले. आता मुलाला विचारा, तो खांबावर का चढला? खाली माणसं होती म्हणून. आणि चढता कसं आलं? स्काउटमधे शिकला होता म्हणून. मग कठड्यावरून उडी कोणासाठी आहे रे? हा प्रश्न एकदा शांतपणे विचारा आणि सोबत हेही सांगा की आग, पाणी, वीज दिसली तर तुझ्या वयात पहिलं काम मोठ्यांना हाक मारणं. पोहणं, पडल्यावर प्रथमोपचार, हाक कोणाला मारायची, हे शिकवायला घ्या, त्याची हौस तिकडे वळेल.

प्रश्न : मी नातवाला रोज गोष्ट वाचून दाखवतो. साधं पुस्तक वाचताना मजा येते पण हे चौकटींचं पुस्तक मोठ्याने वाचताना माझी फारच तारांबळ उडते, कोण बोलतंय तेच कळत नाही आणि तो मधेच पान उलटतो. काही युक्ती?

काका, युक्ती म्हणजे सगळं तुम्ही वाचायचं नाही. वाटून घ्या. वरच्या पट्ट्यांमधला मजकूर तुमचा आणि गोष्टीतल्या मुलाचे फुगे नातवाचे. त्याला आपली ओळ कधी येणार याची वाट बघावी लागते म्हणून तो पान उलटायची घाई करत नाही. मोठ्या आवाजाचे शब्द असतात ना, धडाम, खाड, ठो, ते त्याला ओरडू द्या, जोडाक्षर असलं तरी तो ते चित्रावरून ओळखतो आणि असाच शिकतो.

बोट शब्दाखाली फिरवू नका, चौकटीवर ठेवा, या चौकटीत आपण आहोत एवढंच कळण्यासाठी. एकही शब्द नसलेली चौकट आली तर तुम्हीही काही बोलू नका. आपल्याला वाटतं आता इथे काय वाचू, आणि आपण घाईने "बघ तो रडतोय" असं सांगून टाकतो. थांबा थोडं. बाजी राऊतची गोष्ट असेल, ओरिसातला १२ वर्षांचा नावाड्याचा मुलगा, १९३८ साली पोलिसांना ब्राह्मणी नदीपार न्यायला त्याने नकार दिला आणि त्यांनी त्याला मारलं, तर त्यात नदी, रात्र, नाव आणि काठावर आलेले पोलीस अशी एखादी मुकी चौकट असणारच. तिथे नातू स्वतःहून काहीतरी म्हणेल. तो जे म्हणेल तिथून पुढे वाचा.

अनोळखी नावं आधी स्वतःशी म्हणून बघा, मधेच अडखळलं की गोष्टीचा जोर जातो, बाकी काही नाही.

प्रश्न : आमच्या वाचनगटातली ७-८ वर्षांची मुलं आणि मी मिळून असं एक छोटं पुस्तक स्वतःच तयार करायचं ठरवलंय. गोष्ट कुठली घ्यावी आणि सुरुवात कशी करावी?

किती छान! अंधांसाठीची ब्रेल लिपी शोधणाऱ्या लुई ब्रेलची घ्या. लढाई नाही, मरण नाही, आणि चित्रकाराला कसोटी लागेल अशी गोष्ट आहे, कारण न दिसणाऱ्या मुलाची गोष्ट चित्रात सांगायची.

माहिती अशी. जन्म १८०९, फ्रान्समधलं कुव्रे गाव, वडील घोड्यांचं चामड्याचं सामान बनवायचे. ३ वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागेत खेळताना टोच्यासारखं हत्यार डोळ्यात गेलं, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला, ५ वर्षांचा होईपर्यंत दोन्ही डोळे गेले. १० व्या वर्षी पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत. तिथे उठावदार मोठाल्या अक्षरांची पुस्तकं होती, जाडजूड, वाचायला अतिशय हळू आणि त्या पद्धतीने स्वतः लिहायची तर सोयच नाही. मग शार्ल बार्बिये नावाच्या माणसाची एक पद्धत शाळेत आली, बोटाने चाचपून वाचायच्या १२ उठावदार टिंबांची. लुईने ती चाचपून बघितली, बोटाखाली १२ टिंबं एकदम मावत नाहीत हे त्याला कळलं, आणि खटपट करत करत १८२४ मधे, १५ वर्षांचा असताना, ६ टिंबांवर आणली. जगभर आज तीच चालते.

आता याची १२ पानं करा, पानावर जास्तीत जास्त ३ चौकटी. आधी शब्द लिहू नका. मुलांना गोष्ट सांगा आणि कोरे चौकोन द्या, काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या. डोळे गेल्यानंतरच्या चौकटी कशा काढायच्या हा प्रश्न ती स्वतःच विचारतील. कोणी पूर्ण काळी चौकट करेल, कोणी फक्त हात काढेल, कोणी नुसते आवाज लिहील, घोड्यांच्या टापा, हातोडी, दाराची कडी. सगळं चालेल, त्यावर भांडण झालं तरी होऊ द्या. अपघाताच्या पानावर डोळा किंवा रक्त नको, हत्यार टेबलावर आणि एक छोटा हात तिकडे जातोय इथेच थांबा, पुढच्या पानावर पट्टी बांधलेला मुलगा.

सगळी चित्रं झाल्यावर शब्द, आणि चित्रात जे दिसतंच आहे ते परत लिहायचं नाही. "लुई खुर्चीवर बसला" हे काढून टाका, तो बसलेला दिसतोय. उरेल ते मुलांच्याच भाषेत लिहा आणि गटातल्या सगळ्यात लहान मुलाला वाचायला द्या, तो जिथे अडेल तो शब्द बदला. एका पानावर जाड कागदाला मागून टोचून खरी टिंबं उमटवा, मुलांनी डोळे मिटून त्यांवर बोट फिरवायचं. टोचताना मागून उलटं टोचावं लागतं म्हणून आधी आरशातल्यासारखं काढून घ्या, आणि टोचायचं काम मोठ्यांनी करायचं.

प्रश्न : माझी ८ वर्षांची लेक ॲन फ्रँकची डायरी हवी म्हणून मागे लागलीये, शाळेत कोणीतरी सांगितलं. त्याचं चित्रांचं पुस्तकही आहे म्हणे. देऊ का?

आत्ता नको. डायरीवरचं ग्राफिक पुस्तक २०१७ साली आलंय आणि चांगलं आहे पण ते मोठ्या मुलांसाठी आहे, चित्रं आहेत म्हणून ते लहानांचं होत नाही. ही गफलत फार जण करतात. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या ॲन या ज्यू मुलीला डायरी मिळाली तीच तिच्या १३ व्या वाढदिवसाला, १२ जून १९४२ ला, आणि तिने लिहिलंय ते वयात येणाऱ्या मुलीचं मन आहे. १२-१३ ची झाली की तुमची लेक ते स्वतःच्या जवळचं म्हणून वाचेल.

पण ८ वर्षांच्या मुलीचं कुतूहल मोडायचंही नाही. तिला तिच्या वयाचं ॲनचं छोटं चरित्र द्या, अशी बरीच आहेत. त्यात लपण्याच्या जागेचं चित्र आहे का बघा, पुस्तकांच्या कपाटामागचा दरवाजा, आत दोन कुटुंबं आणि आणखी एकजण मिळून आठ माणसं, दिवसा पाय न वाजवता चालायचं, नळ सोडायचा नाही. आणि मदत करणाऱ्यांची नावं आहेत का बघा, मीप खीस आणि बाकीचे, जे दोन वर्षं जीव धोक्यात घालून जेवण आणि पुस्तकं आणून देत होते. अटकेनंतर ॲनचे कागद सांभाळून ठेवले ते मीपने, म्हणून ती डायरी आज आहे. शेवट लपवू नका, ॲन छळछावणीत आजारी पडून गेली आणि वडील एकटेच परत आले, एवढं तिला विचारलं तर सांगा. जास्त खोलात ती स्वतःहून शिरली तरच जा. पुस्तक तिच्या हातात द्यायच्या आधी तुम्ही एकदा पूर्ण वाचून घ्या, आणि ती वाचत असेल तेव्हा त्याच खोलीत असा.